टॅबमध्ये उघडणारा दूरचा संगणक

तुमच्या संगणकावर ब्राउझरखेरीज काहीच बसवायचं नाही, ही दूरचा संगणक ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या ‘अपाची ग्वाकामोले’ची खरी गंमत. सर्व्हरवरचा ‘ग्वाकडी’ हा सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम व्हीएनसी, आरडीपी किंवा एसएसएच या प्रोटोकॉलने दूरच्या यंत्राशी बोलतो आणि तिथलं चित्र ग्वाकामोलेच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये बदलून पुढे पाठवतो. ब्राउझरला आरडीपी कळत नाही, कळायची गरजही नाही. २०१७ पासून हा अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प आहे.

‘नोव्हीएनसी’ त्याहून सुटसुटीत. वेबसॉकेट आणि एचटीएमएल कॅनव्हासवर ते फक्त व्हीएनसी चालवतं; एखाद्या यंत्रापुरतं तेवढं पुरे. मात्र व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. तेव्हा व्हीएनसीचं ५९०० हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं.

दूरचं यंत्र हाताळणं झालं; ब्राउझरमध्ये मिळून कोड लिहिण्याचा पेच वेगळा. दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत हात घातला, तर कोणाचं ग्राह्य धरायचं? ‘ईथरपॅड’ हा सामूहिक संपादक (मूळ कंपनी गूगलने २००९ मध्ये घेतली आणि कोड खुला झाला) येणारा बदल आधीच्या बदलांनुसार पुढेमागे सरकवून बसवतो. ‘वायजेएस’ ही लायब्ररी प्रत्येक अक्षराला कायमची ओळख देते. बदल कोणत्याही क्रमाने पोहोचोत, अखेर सगळ्यांकडे मजकूर एकच. ज्युपिटरलॅबमधलं सामूहिक संपादन वायजेएसवरच चालतं.

‘कोड-सर्व्हर’ मात्र व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा कोड-संपादक ब्राउझरमध्ये आणतो, इतकंच. सहलेखन त्यात मुळात नाही, आणि एक्स्टेन्शनही मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसऐवजी ‘ओपन व्हीएसएक्स’वरून येतात.