संध्याकाळी सातची वीज

घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. भंडारदऱ्याच्या पुढे, अकोले तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला पठार संपतं आणि कडा सरळ कोकणात तुटतो, तिथे प्रवरेवर एक धरण आहे. कड्याखाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ, दुसरं. दोन्ही जलाशयांच्या पातळीत चारशे मीटरहून अधिक फरक. डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजघरात १२५ मेगावॉटचे दोन संच बसवले आहेत. वरचं पाणी खाली येताना हे संच वीज तयार करतात. उलटे फिरवले की तेच पंप होतात आणि खालचं पाणी वर चढवतात. २००८ मध्ये सुरू झालेला हा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प. हौशी मंडळी इथलं धुकं पाहून परततात. स्वच्छ ऊर्जेच्या भवितव्यावर सध्या जो वाद रंगला आहे, त्यातला कळीचा मुद्दा मात्र याच डोंगराच्या पोटात दडला आहे.

वाद वीज निर्माण करण्याचा राहिलेला नाही. २०२५ च्या मध्यावर भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. तरीही २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात तयार झालेल्या विजेतली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. क्षमता कागदावर चोवीस तास असते, ऊन नसतं. ३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी २५० गिगावॉटच्या विक्रमी आकड्यावर पोचली आणि ती भागलीही, कारण वेळ दुपारची होती. दिवेलागणीला सौर पॅनेल झोपतात आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, पंखे, टीव्ही आणि एसी सुरू होतात. कोळशाची खरी सद्दी तिथून सुरू होते.

म्हणजे प्रश्न साठवणीचा. त्याचं गणित घाटघरच्याच आकड्यांनी करून पाहण्यासारखं आहे. गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी चारशे मीटरवरून रिकामी केली, तर जेमतेम एक युनिट वीज मिळते. जिन्याखालच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिटं साठवते. तेवढ्यासाठी घाटघरला पावणेदोन टाक्या पाणी खाली सोडावं लागेल! म्हणून अशा प्रकल्पांना दोन तलाव आणि मध्ये एक उभा कडा लागतो. सह्याद्रीत कड्यांना तोटा नाही. पाणी वर चढवायला चार युनिटं घातली की खाली येताना साधारण तीन परत मिळतात. एक युनिट वाया गेलं असं वाटेल, पण दुपारचं स्वस्त युनिट संध्याकाळी महाग होतं, आणि सगळा व्यवहार त्या फरकावर चालतो. घाटघरची आखणी झाली तेव्हा रात्री उरणाऱ्या औष्णिक विजेवर पाणी चढवायचं, असा हिशेब होता. आता पाणी चढवण्याची योग्य वेळ भर दुपारची.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे २७ हजार मेगावॉटचे उदंचन प्रकल्प आणि ४७ हजार मेगावॉटच्या बॅटऱ्या लागतील. साहजिकच कंपन्यांची नजर घाटमाथ्याकडे वळली. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवटा इथे १,८०० आणि भिवपुरी इथे १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. ही नावं नवी नाहीत. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. भिऱ्याला १५० मेगावॉटचा उदंचन संचही आहे. पण भिऱ्याला वीज मिळावी म्हणून मुळशीचं खोरं बुडालं, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. उदंचनाचे समर्थक सांगतात, तेच पाणी खालीवर फिरतं, बाष्पीभवनापलीकडे खर्च होत नाही. ते खरंच आहे. मात्र वरचा तलाव, बोगदे, रस्ते आणि पारेषणाच्या तारा यांना जागा लागते, आणि ही जागा पश्चिम घाटाच्या जंगलात आहे.

दरम्यान बॅटरीने सगळ्यांचे अंदाज चुकवले. २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या लिलावात साठवणीचा दर मेगावॉटमागे महिना सुमारे १०.८ लाख रुपये निघाला होता. २०२४ संपता संपता अशा लिलावांत तो अडीच लाखांच्या खाली आला. बॅटरीला डोंगर लागत नाही, ती उपकेंद्राच्या आवारातही उभी राहते. लिथियम परदेशातून येतं, ही तिची दुखरी नस. त्यावर उतारा म्हणून पुण्यात सोडियमचं काम चाललं आहे. केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या संशोधनसंस्थेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियमची बॅटरी वजनाला जड पडते. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या साठ्याला त्याचं काय?

हायड्रोजनची हवा मोठी आहे. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नासहून अधिक युनिटं लागतात आणि इंधनघटातून त्याची वीज केली की वीसेक हाती येतात. घरचे दिवे लावायला हा आतबट्ट्याचा धंदा. खत आणि पोलाद कारखान्यांना मात्र हायड्रोजनला पर्याय मिळणं कठीण. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत विजेऐवजी मुख्यतः उष्णतेवर चालणाऱ्या तांबे-क्लोरीन चक्रावर संशोधन झालं आहे, ते याच खर्चावर मात करण्यासाठी. दुसरा पर्याय अणुऊर्जेचा. तिच्याशिवाय निव्वळ शून्य उत्सर्जन गाठता येणार नाही, असं अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर सातत्याने सांगत आले आहेत. त्यांचा युक्तिवाद तोलामोलाचा आहे, पण जैतापूरच्या अणुप्रकल्पाचे नियोजित ९,९०० मेगावॉट अजून कागदावरच आहेत.

या सगळ्या झगमगाटात सर्वांत स्वस्त उपाय मागे पडतो: मागणीच उन्हाकडे सरकवणं. महाराष्ट्रात शेतीपंपांची संख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास आहे. एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, या पाळीमुळे विंचूकाट्यात, बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जाणं शेतकऱ्याच्या नशिबी आलं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने शेतीचे फीडर सौर विजेवर नेण्याची कल्पना लावून धरली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली, आणि २०२३ मधल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीने १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं. दिवसा पाणी उपसून पिकाला दिलं की त्या विजेसाठी बॅटरीही नको आणि धरणही नको. वीजग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेली दुरुस्तीही त्याच दिशेची: उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा.

क्रम लावायचाच तर आधी शेतीपंप दिवसा, मग उपकेंद्रांत बॅटऱ्या आणि त्यानंतर घाट, तेही जिथे जलाशय आधीपासून आहेत तिथे. घाटमाथ्यावरच्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. ज्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक जनसुनावणी लागते, त्यांची जाहीर सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचून सुनावणीला जा.