कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याआधी

"चालताना पोटऱ्या दुखायला लागल्या, मग मीच बंद केली." सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बंद केलेली गोळी बहुतेक वेळा अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे 'स्टॅटिन' गटातली असते. बंद केल्याचं डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. ज्यांना स्टेंट बसलेला आहे अशी माणसंही त्यांत असतात, आणि मला खरी काळजी वाटते ती त्यांची.

या गोळ्यांना दुष्परिणाम नाहीतच, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण दुष्परिणाम किती जणांना होतात आणि फायदा किती जणांना होतो, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गैरसमज : ही रक्त पातळ करण्याची गोळी आहे.

नाही. रक्ताची गुठळी होऊ न देण्याचं काम अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या औषधांचं. घोटाळा होतो तो आपल्याकडच्या एकत्र औषधांमुळे. अँजिओप्लास्टीनंतर पुष्कळांना एकच कॅप्सूल दिली जाते आणि तिच्यात स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, कधी क्लोपिडोग्रेलही भरलेलं असतं. मग अ‍ॅस्पिरिनमुळे पोटात होणारी जळजळ कोलेस्टेरॉलच्या औषधाच्या माथी मारली जाते. उलटही घडतं. दात काढायचा म्हणून कॅप्सूल थांबवली की तिच्यातलं स्टॅटिनही थांबतं, आणि पुन्हा सुरू करायचं राहून जातं. घरातल्या पाकिटावरची नावं आजच एकदा वाचा.

स्टॅटिन काम करतं ते यकृतात. शरीराला लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. ते तयार करणाऱ्या एका एन्झाइमला स्टॅटिन अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत साठणारं कोलेस्टेरॉल, ओढून घेऊ लागतं. या औषधाचा मूळ पदार्थ जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत सापडला. त्यासाठी त्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या होत्या.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?

तो नॉर्मल आला तो गोळी चालू आहे म्हणून. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीच्या जागी येतं. शिवाय लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते, धोका मात्र प्रत्येकाचा वेगळा. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी लक्ष्यं सांगितली, त्यांत कमी धोका असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचं ५५ च्या खाली असावं, असं म्हटलं आहे. म्हणजे ९५ हा आकडा एका माणसाला समाधानाचा आणि दुसऱ्याला चिंतेचा असू शकतो.

गैरसमज : फायदा नावापुरताच, कंपन्यांनी फुगवलेला.

इथे थोडं थांबून आकडे पाहू. स्कँडिनेव्हियन देशांत झालेली एक मोठी चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत दुखण्याचा त्रास असलेले किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेले ४,४४४ रुग्ण तीत होते. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ जण दगावले, औषधाच्या गटात १८२. जाहिरातवाला याला "मृत्यूंत ३० टक्के घट" म्हणेल, शंका घेणारा "शंभरांत बाराऐवजी आठ, फरक फक्त चारचा" म्हणेल. दोघंही बरोबर आहेत. पण ते चार जीव आहेत, आणि हृदयविकारावर इतका फरक पाडणारी औषधं फार नाहीत.

'लॅन्सेट'मध्ये २०१६ साली आलेल्या आढाव्यात दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र मांडला आहे. दहा हजार माणसांनी पाच वर्षं गोळी घेतली आणि एलडीएल सुमारे ७७ मिलिग्रॅमने उतरलं, असं धरा. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, अशांपैकी सुमारे १,००० जणांचा पुढचा मोठा आघात टळतो. ज्यांना अजून काही झालेलं नाही पण धोका वाढलेला आहे, अशांत सुमारे ५०० जणांचा. आता दुसरी बाजू. त्याच दहा हजारांत ५० ते १०० जणांना नव्याने मधुमेह होतो, ५ ते १० जणांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, स्नायूंना गंभीर इजा सुमारे ५ जणांना होते, आणि स्नायूदुखीसारखा त्रास गोळीमुळेच होणारे ५० ते १००.

याच हिशेबातून हेही दिसतं की धोका जितका कमी, तितका फायदाही कमी. पस्तिशीची निरोगी व्यक्ती, तंबाखू नाही, बीपी नाही, साखर नाही, घराण्यात लवकर हृदयविकार नाही आणि एलडीएल १२० असेल, तर गोळी न घेता खाणं आणि व्यायाम सुधारणं हा माझ्या मते योग्य निर्णय आहे. पंचाहत्तरीनंतर प्रथमच, कोणताही हृदयविकार नसताना गोळी सुरू करावी का, याबद्दलचा पुरावाही अजून तोकडा आहे. स्टेंट बसलेल्याची गोष्ट अगदी वेगळी. त्याच्यासाठी पारडं स्पष्टपणे गोळीकडे झुकतं.

गैरसमज : अंग दुखतंय म्हणजे गोळीचाच त्रास.

बागेतल्या पोटऱ्यांकडे परत येऊ. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना बारा महिन्यांच्या बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. कोणत्या गोळीत औषध आहे ते रुग्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी रोजचा त्रास शून्य ते शंभर या मापावर नोंदवायचा होता. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी आली ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला सुमारे ९० टक्के भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता. तो "गोळी घेतोय, आता दुखणार" या धास्तीतून येत होता. आपलेच आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

हे वाचून कुणी घरातल्या आईवडिलांना "तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणू नये. दुखतं ते दुखतंच. आणि काही जणांना ते खरोखर गोळीमुळे होतं, विशेषतः पहिल्या वर्षात. जास्त डोस, वय, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडची कमतरता यांनी शक्यता वाढते. थायरॉइड तर आवर्जून तपासावं, कारण ते कमी पडलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक मध्येच सुरू झालं तर सिमव्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढते. ग्रेपफ्रूटने आणि त्याच्याच कुळातल्या आपल्या पपनसानेही तसं होऊ शकतं. रोसुव्हास्टॅटिनची पातळी आशियाई लोकांच्या रक्तात गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट भरते, म्हणून छोट्या डोसपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

एक खूण मात्र कधीच दुर्लक्ष करण्याजोगी नाही. दोन्ही मांड्या, दंड जोरात दुखून अशक्त होणं आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होणं. तसं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध अशाच स्नायू विरघळण्याच्या प्रकारांमुळे २००१ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. आज मिळणाऱ्या स्टॅटिनांत ही शक्यता फार कमी आहे, शून्य नाही.

आणि पोटरी चालतानाच दुखत असेल, थांबलं की दोन मिनिटांत ओसरत असेल, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असण्याची शंका घ्यायला हवी. त्या आजारात स्टॅटिन बंद करणं म्हणजे नेमकं हवं तेच औषध टाकून देणं.

गैरसमज : ही गोळी साखर लावते, म्हणून मधुमेह्यांनी घेऊ नये.

पहिला भाग थोडा खरा, दुसरा चुकीचा. साखर किंचित वाढते, जास्त डोसवर अधिक. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, मधुमेहाचं निदान प्रामुख्याने त्यांचंच होतं. आपल्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत, म्हणून गोळी सुरू करताना एचबीएवनसी पाहून ठेवावं आणि नंतरही पाहत राहावं. पण मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त, त्यामुळे त्याला या गोळीचा फायदाही जास्त.

यकृताबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्येच सगळ्यांसाठी ठरावीक काळाने यकृताची तपासणी करण्याची सूचना काढून टाकली, कारण गंभीर इजा अत्यंत विरळ. फॅटी लिव्हर हे गोळी टाळण्याचं कारण नाही. यकृताचा तीव्र आजार हे आहे. विसरभोळेपणाच्या तक्रारी काहींनी केल्या आहेत, पण गोळी थांबवल्यावर तो जातो, आणि हजारो वृद्धांवरच्या चाचण्यांत दोन्ही गटांची स्मरणशक्ती सारखीच आढळली. गर्भारपणात मात्र स्टॅटिन सहसा थांबवतात. मूल हवं असेल तर आधीच बोलावं.

गैरसमज : लसूण, मेथी आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' तेल पुरेसं आहे.

कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. शेंगदाण्याच्या काय, करडईच्या काय, कुठल्याच तेलात ते कधी नव्हतं. नीट आहाराने एलडीएल उतरतं, पण माफक. जन्मतःच ज्यांचं एलडीएल १९० च्या पुढे असतं, त्यांना पथ्याने भागत नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर मुलांचंही कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

गोळी सोसत नसेल तर डोस कमी करता येतो, स्टॅटिन बदलता येतं, एकाआड एक दिवस देता येतं, किंवा एझेटिमाइबसारखं दुसऱ्या मार्गाने काम करणारं औषध जोडता येतं. हे सगळं डॉक्टरांना करता येईल, फक्त तुम्ही गोळी बंद केली आहे हे त्यांना कळलं पाहिजे. पुढच्या भेटीत तेवढं सांगा, आणि विचारा : माझा स्वतःचा धोका किती, आणि माझं एलडीएल किती असायला हवं?