मालमोटारींच्या इंजिनांतील भागांची अदलाबदल

मोताळा तालुक्यात कापसाची वेचणी भरात आली म्हणजे मलकापूरच्या जिनिंग कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारींना उसंत राहत नाही. धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी अशा गावांहून माल उचलणारी गाडी पुष्कळदा जुनी, दोन-तीन मालकांच्या हातून फिरून आलेली असते. ऐन हंगामात तिचे इंजिन बसले तर वेचलेला कापूस घरात पडून राहतो, भाडे दुसऱ्याकडे जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नवा भाग मागवावा तर खर्च आणि विलंब होतो. उलट भंगारात निघालेल्या गाडीचा भाग त्याच दिवशी हाती येतो. तो निराळ्या सालच्या गाडीचा असला तरी ‘कंपनी एकच, बोल्ट जुळतात’ एवढ्याच आधारावर बसविला जातो. कधी तो उत्तम काम देतो. कधी चार खेपांतच सबंध इंजिन निकामी करतो. हा फरक बहुतांशी मापांमुळे पडतो, आणि ती मापे समजून घेणे गाडीमालक शेतकऱ्यास मुळीच अवघड नाही.

गावचा लोहार लोखंडी धाव तापवून ज्या त्या चाकावर चढवीत असे. एका चाकाची धाव दुसऱ्या चाकास बसावी अशी कोणाची अपेक्षाही नसे. यंत्राचे भाग ठराविक मापावर घडविले जात असल्यामुळे ते एका यंत्रातून दुसऱ्यात चालतात. तथापि माप जेथवर एक आहे तेथवरच हे खरे. विहिरीवरील किर्लोस्करची एव्ही-१ व टीव्ही-१ ही इंजिने अनेकांच्या परिचयाची आहेत. दोन्हींचा स्ट्रोक ११० मि.मी. आहे, परंतु पहिल्याचा बोअर ८० मि.मी. तर दुसऱ्याचा ८७.५ मि.मी. आहे. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याचा आतील व्यास म्हणजे बोअर, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पिस्टन जेवढे अंतर चालतो तो स्ट्रोक होय.

ह्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या टाटा मालमोटारींचे उदाहरण घेऊ. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, परंतु इंजिनांचा वंश पुढे चालू राहिला. आरंभीच्या ३१२ गाडीच्या इंजिनाचा बोअर ९० व स्ट्रोक १२० मि.मी. होता. पुढे ६९२ इंजिनात बोअर ९२ झाला, स्ट्रोक तोच राहिला. त्यानंतरच्या ६९७ इंजिनात बोअर ९७ व स्ट्रोक १२८ मि.मी. झाला. ६९२ व ६९७ ह्या आकड्यांतच त्यांचा अर्थ आहे: पहिला अंक सिलिंडरांची संख्या सांगतो आणि पुढील दोन अंक बोअर सांगतात. अशा इंजिनांच्या क्रमांकाचा आरंभही बहुधा ह्याच आकड्यांनी होतो. म्हणून भाग खरेदी करण्यापूर्वी तो कोणत्या सालच्या गाडीतून निघाला हे विचारण्याबरोबर त्या इंजिनाचा क्रमांकही वहीत उतरवून घ्यावा.

मात्र एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. १९८६ साली निघालेल्या ४०७ गाडीचे पुष्कळ काळ वापरले गेलेले इंजिन ४९७ एसपी होय, आणि ७०९ सारख्या गाडीत ४९७ टीसी इंजिन असते. दोन्हींस चारच सिलिंडर, दोन्हींचा बोअर ९७. परंतु पहिले २,९५६ घ.सें.मी.चे आहे व दुसरे ३,७८३ घ.सें.मी.चे. कारण पहिल्याचा स्ट्रोक १०० मि.मी. तर दुसऱ्याचा १२८ मि.मी. आहे. म्हणजे क्रँकशाफ्टच्या फेऱ्याची त्रिज्या एकीकडे ५० व दुसरीकडे ६४ मि.मी. होते. ह्यास्तव क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन हे तिन्ही भाग एका जोडणीचे समजावेत. त्यांतील एकच परक्या इंजिनाचा घातला तर पिस्टन वर पोहोचणार नाही, दाब कमी पडेल व थंडीच्या पहाटे गाडी धक्क्यानेही सुरू होणार नाही; किंवा तो हेडवर आदळेल. ह्याच्या उलट ४९७ टीसी आणि सहा सिलिंडरांचे ६९७ ह्यांचे आकारमान प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे ९४६ घ.सें.मी. असे सारखेच येते. तरीसुद्धा टर्बो असलेल्या इंजिनाचा पिस्टन आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा पिस्टन एक मानू नये. टर्बोमध्ये उष्णता व दाब अधिक असतो व त्यास अनुसरून पिस्टनची घडण बदलते. शेवटचा निर्णय भागावरील क्रमांक व कंपनीची भागसूची ह्यांवरूनच करावा.

जुन्या इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट सालावरून कधीच कळत नाही. क्रँकशाफ्ट घासून दुरुस्त करताना त्याचा जर्नल दर वेळी बहुधा पाव मि.मी.ने बारीक होतो. एकाच महिन्यात बनलेल्या दोन गाड्यांत म्हणून निराळ्या मापाची बेअरिंगे असू शकतात. मायक्रोमीटर न लावता बेअरिंग विकत घेणारा मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याचे ऐकू नये. हेड बसविल्यावर वरची मोकळीक पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे: पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवून, गास्केटसह हेड नियमाप्रमाणे आवळून, इंजिन हाताने फिरवावे आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजून ती कंपनीने दिलेल्या मापाशी ताडून पाहावी. स्टार्टर मारण्यापूर्वी इंजिन पूर्ण दोन फेरे हाताने फिरविणे हे तर केव्हाही इष्ट.

स्टार्टर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप हे बाहेरचे भाग बदलणे त्या मानाने सोपे. १२ व्होल्ट की २४ व्होल्ट, आणि स्टार्टरच्या पिनियनचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांशी जुळतात की नाही, एवढे पाहावे.

डिझेल पंपाची गोष्ट निराळी आहे. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप डिझेलचे वेगवेगळे प्रमाण सोडतात व त्यांचे गव्हर्नर वेगवेगळ्या फेऱ्यांवर आवर घालतात. टर्बो इंजिनाचा पंप साध्या इंजिनास लावला तर पहिल्या दिवशी गाडीला जोर आल्यासारखे वाटते. पुढे काळा धूर, जळके व्हॉल्व्ह आणि वितळलेला पिस्टन असा क्रम लागतो. असा पंप चाचणी यंत्रावर त्या इंजिनाच्या मापाने बसवून घेतल्याखेरीज जोडू नये.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, तेव्हापासून अदलाबदलीचे क्षेत्र आणखी आखडले आहे. कॉमन रेल पद्धतीच्या पुष्कळ इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा संकेतांक असून तो नियंत्रक संगणकात नोंदवावा लागतो. बीएस-६ मालमोटारींच्या निराळ्या टाकीत घालावयाचे युरियाचे द्रावण ३२.५ टक्क्यांचे आणि अतिशुद्ध असते. शेतातील निंबोळी-लेपित युरिया पाण्यात विरघळवून तेथे ओतण्याचा विचारही करू नये. धुराड्यातील महागडी यंत्रणा त्याने चोंदते, आणि अनुदानित खत असे वापरणे बेकायदेशीर आहे.

सबंध इंजिन किंवा त्याचा ब्लॉक बदलावयाचा असेल तर नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक बदलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतील असा बदल मनास येईल तसा करता येत नाही. त्यासाठी बुलडाणा येथील परिवहन कार्यालयाची मंजुरी अगोदर घ्यावी व जुने इंजिन विकणाऱ्याची पावती जपून ठेवावी. क्रमांक न जुळल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येते.

इंजिन बदलताना सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर. तो इंजिनावरच बसतो आणि गाडीचे ब्रेक त्याच्या हवेवर चालतात. लहान गाडीच्या इंजिनाबरोबर आलेला लहान कॉम्प्रेसर मोठ्या गाडीच्या टाक्या भरण्यास फार वेळ घेतो. सपाट रस्त्यावर हा दोष ध्यानात येत नाही. बुलडाण्याहून मोताळ्याकडे भरलेली गाडी राजूर घाटातून उतरताना ब्रेक वरचेवर दाबावा लागतो, व प्रत्येक वेळी खर्च झालेली हवा भरून निघाली नाही तर काटा खाली जात राहतो. म्हणून असे इंजिन बसविल्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून, टाक्या पूर्ण भरण्यास किती वेळ लागतो तो घड्याळावर पाहावा. नंतर ब्रेक पाच-सहा वेळा दाबून काटा किती उतरतो व पुन्हा किती लवकर चढतो हेही तपासावे. ही वेळ त्या गाडीच्या मूळ पुस्तिकेतील मर्यादेत येईपर्यंत गाडी घाटाच्या उतारास लावू नये.