गांडुळाच्या देहांतील पहारेकरी

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या म्हणजे आपल्या सोलापूरच्या काळ्या जमिनींतून गांडुळें वर येतात. शाळेच्या वाटेवर आणि मैदानाच्या कडेस तीं जागोजाग वळवळतांना दिसतात. कोणी त्यांस काडीनें डिवचतो, कोणी मीठ टाकून गंमत पाहतो, आणि बाकीचे किळस येऊन बाजूस सरतात. परंतु ज्यास डोळे नाहींत, दांत नाहींत, कवच नाहीं, पळावयास पाय नाहींत, असा हा जीव मातींत सुरक्षित राहतो तरी कसा, हा प्रश्न फारच थोड्यांस पडतो. चिमूटभर मातींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु असतात. गांडूळ तर तीच माती गिळून जगतें. मग तें रोगानें कुजून कां जात नाहीं? या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

गांडुळाचें शरीर म्हणजे एका नळींत बसविलेली दुसरी नळी होय. बाहेरची नळी त्वचेची व स्नायूंची, आंतली अन्नमार्गाची. या दोहोंमध्यें जी पोकळी असते तीस देहगुहा म्हणतात. ही देहगुहा रिकामी नसते. तींत दुधासारखा पांढुरका द्रव भरलेला असतो. लखनौ विश्वविद्यालयांतील प्राध्यापक कर्मनारायण बहल यांनीं १९२६ सालीं आपल्या देशांतील गांडुळाच्या शरीररचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर भारतांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं या द्रवाची ओळख करून घेतली. त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला, तर त्यांत निरनिराळ्या आकारांच्या पेशी तरंगतांना दिसतात. याच त्या पहारेकरी पेशी.

यांपैकीं ज्यांस भक्षक पेशी म्हणतात, त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. त्यांस ठराविक आकार नाहीं. अमीबाप्रमाणें अंगाचा एक भाग पुढें करीत त्या सरकतात, वाटेंत जंतु आढळला कीं त्यास चहूं बाजूंनीं वेढतात, पोटांत घेतात आणि पचवून टाकतात. शत्रु मोठा असला व एका पेशीच्यानें गिळवला नाहीं, तर पुष्कळ पेशी एकत्र जमतात व त्याच्याभोंवतीं थरावर थर रचून त्यास कोंडून टाकतात. गांडुळाच्या मागील भागांतील देहगुहेंत अशा तपकिरी गांठी सांपडतात. त्या फोडून पाहिल्यास आंत परोपजीवी जंतूंचे अवशेष आढळतात.

शिवाय या द्रवांत जंतूंस मारणारीं द्रव्येंहि असतात. गांडुळाच्या पाठीवर, दोन वलयांमधील खांचेंत, बारीक छिद्रें असतात. तें डिवचलें गेलें कीं या छिद्रांवाटे तो द्रव बाहेर येतो. तेव्हां मीठ टाकून गंमत पाहणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं इतकें ध्यानांत ठेवावें, कीं त्या बिचाऱ्या जिवाची सारी संरक्षक सेना आपण व्यर्थ सांडवीत आहों.

ही सोय केवळ गांडुळासच लाभली आहे असें नाहीं. खेंकडा, झिंगा, गोगलगाय, रेशमाचा किडा, या सर्व पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या शरीरांत अशा पेशी पहारा करितात. अळीच्या किंवा झिंग्याच्या अंगावर जखमेच्या जागीं काळा डाग पडलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. ती नुसती घाण नव्हे. जखम बुजविण्याकरितां व जंतूंस अटकाव करण्याकरितां शरीरानें घातलेला तो बांध होय.

या पेशींचें कार्य जगापुढें आणण्याचा मान रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांजकडे जातो. १८८२ सालच्या डिसेंबरांत ते सिसिली बेटावरील मेसिना येथें राहत होते. समुद्रांतील तारामाशाचें पिल्लूं कांचेसारखें पारदर्शक असतें. बागेंतील गुलाबाचे कांटे घेऊन त्यांनीं ते अशा पिल्लांच्या अंगांत खुपसले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींची गर्दी जमलेली! आपल्या बोटांत कांटा मोडला असतां तेथें सूज येऊन पू धरतो, तोहि असाच प्रकार, हें त्यांनीं ओळखलें. पुढें पाण्यांतील जलपिसूच्या देहांत शिरलेल्या बुरशीशीं या पेशी कशा झुंजतात, हेंहि त्यांनीं १८८४ सालीं दाखवून दिलें. १९०८ सालीं त्यांस पॉल एर्लिश यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

याच मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील एक विद्यार्थी म्हणजे डॉक्टर वाल्डेमार हाफकिन. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला, तेव्हां त्यांनीं तेथें प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. मुंबईंत परळ येथील संस्थेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे.

आतां कोणी विचारील, भक्षक पेशी आपल्याहि रक्तांत आहेत, तर लस कशास हवी? याचें उत्तर असें. गांडुळाची सेना समोर येईल त्या शत्रूशीं सारख्याच रीतीनें लढते. आपल्या शरीरांत भक्षक पेशींच्या जोडीस आणखी एक सेना आहे. ती एकदां पाहिलेला शत्रु दीर्घ काळ विसरत नाहीं, आणि त्याच्यासाठीं नेमकें शस्त्र घडवून ठेविते. लस म्हणजे या सेनेस शत्रूची आगाऊ करून दिलेली ओळख होय. म्हणून मुलांस वेळेवर लस टोचून घेण्यांत पालकांनीं हयगय करूं नये. तसेंच जखम झाली असतां तीवर माती किंवा शेण लावूं नये. स्वच्छ पाण्यानें व साबणानें ती धुवावी. आपल्या पेशी लढण्यास समर्थ आहेत खऱ्या, परंतु आपणच शत्रूस दार उघडून दिलें तर त्यांनीं तरी काय करावें?

यापुढें पावसांत वाटेवर गांडूळ दिसल्यास, विद्यार्थ्यांनो, त्यास पायाखालीं तुडवूं नका. अलगद उचलून ओल्या मातींत सोडा. ज्या विद्येचा आपणांस आज एवढा आधार वाटतो, तिचे पहिले धडे मनुष्य अशाच क्षुद्र जिवांपासून शिकला आहे.