सीमाभागातील फिजिओथेरपी केंद्रे : उपचार टिकले, तरच व्यवसाय टिकेल

निपाणीच्या परिसरात तंबाखू आणि विडी यांच्याभोवती कित्येक घरांचा संसार उभा राहिला. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, तासन् तास एकाच बैठकीत विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मान, पाठ आणि गुडघे वयाआधीच कुरकुरू लागतात. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकाम कारखान्यांत वजन उचलणारा कामगार, शहापूर-वडगावच्या मागावर बसणारा विणकर आणि हंगामात वाकून ऊस तोडणारा मजूर यांचे दुखणेही याच जातीचे. औषधाच्या गोळीने ते तात्पुरते दबते. कामाची पद्धत आणि स्नायूंची ताकद बदलल्याशिवाय सहसा हटत नाही. येथेच भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची गरज निर्माण होते. गरज एवढी उघड असूनही एकट्या तज्ज्ञाने चालविलेले छोटे केंद्र टिकविणे सोपे नसते. असे का व्हावे?

मोठे शहर, लहान गाव

बेळगाव हे या पट्ट्याचे वैद्यकीय केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय येथेच आहे. चंदगड तालुक्यातील रुग्ण बेळगाव गाठतात. चोर्ला घाट ओलांडून गोव्यातूनही अनेकजण शस्त्रक्रियेसाठी तेथे जातात. मात्र गुडघ्याची शस्त्रक्रिया एका दिवसात होते आणि त्यानंतरचे व्यायाम कित्येक आठवडे चालतात. त्यासाठी रुग्णाने रोज घाट चढावा किंवा निपाणीहून महामार्गाने पाऊणशे किलोमीटर यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. पुनर्वसनाची सेवा घराजवळच हवी, आणि लहान गावातील केंद्राचे खरे स्थान तेच आहे.

हिशेब यंत्रांचा नव्हे, वेळेचा

या व्यवसायात विकला जातो तो तज्ज्ञाचा वेळ. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. केंद्राचे भाडे दरमहा १० हजार, मदतनिसाचा पगार १० हजार, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता १२ हजार आणि वीज व किरकोळ खर्च ६ हजार. एकूण ३८ हजार रुपये. एका वेळेच्या उपचाराचे शुल्क ३०० रुपये आणि महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर रोज पाच रुग्ण आल्यास ३७ हजार ५०० रुपये जमतात. म्हणजे खर्चही पुरता भागत नाही. तज्ज्ञाच्या हाती काहीच उरत नाही. रोज आठ रुग्ण आले, तर ६० हजार जमा होऊन २२ हजार उरतात. प्रत्येकाला ४० मिनिटे दिली, तर आठ तासांत जास्तीत जास्त बारा रुग्ण बसतात. या मर्यादेपलीकडे जायचे, तर एक तर रुग्णाचा वेळ कापावा लागतो किंवा केंद्राची रचना बदलावी लागते.

याच उदाहरणात तज्ज्ञाने हप्त्यावर आणखी यंत्रे घेतली, तर तोल लगेच ढासळतो. शिवाय हप्ता भागविण्यासाठी गरज नसलेल्या रुग्णालाही यंत्रावर झोपविण्याचा मोह होतो. गुडघ्याची झीज किंवा जुनी कंबरदुखी यांत व्यायाम हाच उपचाराचा पाया मानला जातो. शेक किंवा विद्युत उपचार जोडीला येतात.

अर्ध्यावर सुटणारा रुग्ण

रोज आठ याप्रमाणे महिन्याला २०० उपचार होतात. प्रत्येक रुग्णाने आठ वेळा येऊन उपचार पूर्ण केले, तर महिन्याला २५ नवे रुग्ण पुरतात. तोच रुग्ण तीन खेपांनंतर येईनासा झाला, तर जवळजवळ ६७ नवे रुग्ण शोधावे लागतात. लहान गावात तेवढे रुग्ण आणायचे कोठून? म्हणून फलक आणि जाहिरातींपेक्षा आलेला रुग्ण का सुटतो, हे पाहणे अधिक मोलाचे ठरते.

कारणे बहुधा साधीच असतात. विडी नगावर वळली जाते; केंद्रात गेलेला तास म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरले की बरे वाटल्याचा समज होतो. कधी व्यायाम समजलेलाच नसतो, तर कधी एकूण किती खेपा आणि किती पैसे लागतील, हे कोणी सांगितलेले नसते. त्यावरचे उपायही साधेच आहेत : पहिल्याच दिवशी खेपांचा अंदाज आणि एकूण खर्च सांगणे, मराठी व कन्नड दोन्ही भाषांत चित्रांसह व्यायामपत्रक देणे, कामाला जाण्यापूर्वीची आणि परतल्यानंतरची वेळ राखून ठेवणे, न आलेल्या रुग्णाला दूरध्वनी करणे. घरी करता येईल तेवढे घरीच सोपविल्यास खेपा कमी होतात. वरवर तो तोटा वाटतो. परंतु बरा झालेला माणूसच पुढचा रुग्ण घेऊन येतो.

वाढ कशी व्हावी?

पहिला मार्ग गटव्यायामाचा. गुडघेदुखीच्या आठ जणांना प्रत्येकी १०० रुपयांत तासभर व्यायाम शिकविला, तर ८०० रुपये मिळतात. स्वतंत्र उपचारांत त्याच तासाचे ४५० होतात. रुग्णाचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि केंद्राचे उत्पन्नही वाढते. मात्र अर्धांगवायूचा किंवा नुकत्याच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण गटात बसविता येत नाही. दुसरा मार्ग ठरावीक वारांचा : नव्या गावात शाखा थाटण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस एखाद्या दवाखान्याची खोली घेऊन पाहणे. तिसरा मार्ग अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याचा. त्यात प्रवासाचा वेळ शुल्कात धरलाच पाहिजे. दुसरा तज्ज्ञ नेमण्याचा विचार पहिल्याचा दिवस महिनोन् महिने भरलेला असेल तेव्हाच करावा.

रुग्ण पाठविणाऱ्याला टक्केवारी देणे हा वाढीचा मार्ग नव्हे. ती रक्कम शेवटी रुग्णाच्याच खिशातून जाते. त्याऐवजी रुग्णाची प्रगती किती झाली, याचे लेखी टिपण डॉक्टरांना पाठविल्यास विश्वास जुळतो.

सीमेचा कायदा, रुग्णाचा प्रश्न

कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात फिजिओथेरपी केंद्रांचाही समावेश असल्याने नोंदणी आवश्यक ठरते. निपाणीपासून थोड्याच अंतरावरील कागल मात्र महाराष्ट्राच्या नियमांखाली येते. देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. सरकारी आरोग्य योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. घरी परतल्यानंतरच्या फिजिओथेरपीचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो.

म्हणून रुग्णानेही पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचाराव्यात : उपचार करणाऱ्याची पदवी व नोंदणी कोणती, अंदाजे किती खेपा लागतील, एकूण खर्च किती आणि घरी कोणता व्यायाम करायचा. ज्या केंद्रात या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतात, तेथे रुग्णाची मजुरी वाया जात नाही.