घरगुती विद्युत धूरपेटी : तापमानाचे नियंत्रण आणि लाकडाची निवड

लखनौच्या गलौटी कबाबाला येणारा धुराचा गंध ‘धुंगार’ या कृतीतून मिळतो. खिम्याच्या मधोमध वाटीत धगधगता निखारा ठेवून त्यावर तूप सोडतात आणि भांडे झाकतात. आपल्याकडे डाळीला कोळशाची धुरी देतात, तीच ही पद्धत. तिने पदार्थाला सुगंध येतो, त्याची टिकवण मात्र होत नाही. मासे किंवा मांस धुरावून विकू इच्छिणाऱ्या बचत गटांनी हा फरक आधी समजून घ्यावा. वरून तांबूस झालेला तुकडा आतून कच्चा असू शकतो.

उष्ण धुरावणीत माशाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान किमान 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे राहावे लागते. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणूंची वाढ होते. पेटी तासन्‌तास 40 अंशांवर रेंगाळली, तर ती जिवाणूंची उबवणी ठरते. म्हणूनच स्वयंचलित नियंत्रक आवश्यक आहे.

पेटी पोलादी असावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. मध्यम आकाराच्या पेटीस 1000 वॅटची कॉइल बहुधा पुरते. 230 व्होल्टला ती सुमारे 4.4 अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे नियंत्रकाचा रिले 10 अँपिअरचा घ्यावा. साधा नियंत्रक कॉइल केवळ चालू-बंद करतो आणि बंद केल्यानंतरही उष्णता काही काळ चढतच राहते. पीआयडी नियंत्रक ठरलेले तापमान जवळ येताच वीज कमी करत जातो. एक संवेदक जाळीच्या उंचीवर, दुसरा तुकड्याच्या मध्यभागी असावा. रिलेचे संपर्क चिकटल्यास कॉइल अखंड तापत राहते. त्यासाठी स्वतंत्र उष्णता-खंडक हवाच. अर्थिंग व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको. चरबी कॉइलवर ठिबकून जळली, तर धुरातील कर्करोगजनक घटक वाढतात. म्हणून मध्ये तसराळे ठेवावे.

लाकडाचा विचार सहसा शेवटी होतो. चीड, देवदार, प्लायवूड, रंगवलेले लाकूड टाळावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. आंब्याचे लाकूड मात्र डोळे मिटून स्वीकारले जाते. लखनौजवळ रेहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आमराईंच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीचे तंत्र विकसित केले आहे. मलिहाबादच्या दशहरीची असो वा कोकणातील हापूसची, अशा छाटणीतून भरपूर लाकूड निघते आणि ते धुरावणीस उत्तमही असते. परंतु छाटलेल्या झाडांवर भिरूड अर्थात खोडकिड्याचा (बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा) उपद्रव वाढतो. अळी खोडात बोगदे करते. बागायतदार तारेने छिद्र साफ करून त्यात कीटकनाशकात भिजवलेला बोळा घालतात आणि चिखलाने ते लिंपतात.

असे लाकूड पुढे करवतीखाली गेले, की त्याचा भुसा इतर भुशासारखाच दिसतो. त्यात औषधाचा अंश किती उरला, हे घरी तपासता येत नाही. छिद्राखाली साचलेला, अळीने बाहेर टाकलेला भुसादेखील आयता मिळतो म्हणून गोळा करू नये. उपचार झालेल्या झाडांचे लाकूड छाटणीच्या दिवशीच वेगळ्या ढिगात घालावे आणि ते धूरपेटीकडे येऊच देऊ नये.