ज्यांचे अंगण हरवले त्यांची बाग

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीचे लग्न लागते. वृंदावन रंगविले जाते, उसाचा मांडव उभा राहतो, बोर, चिंच, आवळा तुळशीपाशी ठेवतात आणि अंतरपाटापलीकडे बाळकृष्ण येतो. पण हा सोहळा ज्याला अंगण आहे त्याचा. रोगापायी ज्याला घरानेच बाहेर काढले, त्याने अंगण कोठून आणावयाचे?

वरोड्यात पावसात गटारापाशी पडलेल्या ज्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटे प्रथम भयाने पळाले, त्याचे नाव तुळशीराम. (योगायोगच म्हणावयाचा!) बाबा परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, तो वाचला नाही. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोड्यानजीकच्या पन्नास एकर खडकाळ रानात बाबा, साधनाताई, दोन चिमुकली मुले व सहा रुग्ण यांचे आनंदवन वसले. जवळ चौदा रुपये आणि एक लंगडी गाय. आधी विहीर खणली, मग सर्वांनी मिळून भाजीचे वाफे केले.

कुष्ठरोग्याने बाग करणे दिसते तितके सोपे नाही. हाताची संवेदनाच गेलेली असते. कुदळीचा दांडा तळवा सोलतो, काटा रुततो, पण कळत नाही. जखम चिघळते आणि पुढे बोटे झिजतात. म्हणून अशा हातांसाठी दांड्याला जाड चिंध्या गुंडाळावयाच्या, सायंकाळी तळहात-तळपाय डोळ्यांनी तपासावयाचे, पाण्यात भिजवून तेल लावावयाचे, हा नित्यनेमच.

भाजी आली, खाऊन उरली. परंतु वरोड्याच्या बाजारात तिला कोणी हात लावीना. वास्तविक हा रोग भाजीतून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात श्वासावाटे पसरतो. पण भीतीला शास्त्र कोणी सांगावे? पुढे १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशींचे तरुण तेथे श्रमदानास आले. रुग्णांसवे राबले, त्यांच्याच पंक्तीला जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीड चेपली आणि भाजीला गिऱ्हाईक मिळाले.

तुळशीचे लग्न लागले की माणसांचे मुहूर्त सुरू होतात. आनंदवनातही बऱ्या झालेल्यांची लग्ने लागली, संसार मांडले गेले. बाहेर मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, रोग पूर्ण बरा होऊ लागला, त्यावर तीन तपे लोटली, तरी ते कलम राहिलेच. संसदेने ते २०१९ साली काढले.